कैवारी नाकारणारा अधिकारी



अधिकाऱ्याची आज्ञा न पाळणे हे ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने पाप आहे काय? प्रश्न जुना आहे. रोम येथील मंडळीला पत्र लिहिताना पौलालाही तो टाळता आला नाही. परंतु गेल्या काही वर्षांत तो एका अगदी नव्या वाटेने आपल्या घरात शिरला आहे. ती वाट म्हणजे आपल्या हातातला फोन.

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाताना कडकोळ नावाचे गाव लागते. रेल्वेचे लहानसे स्थानक, शेजारी औद्योगिक वसाहत आणि भोवती कानडी बोलणारी वस्ती. शास्त्राच्या भाषांतराचे माझे काम सध्या येथे बसून चालते. येथील कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहायला आलेल्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई मला रविवारी उपासनेनंतर भेटतात. त्यांना एके सकाळी फोन आला. बोलणारा म्हणाला, मी दूरसंचार खात्यातून बोलत आहे. तुमच्या नावावरच्या सिमकार्डावरून गैरकृत्ये झाली आहेत. तुम्हाला मुंबई पोलिसांकडे जोडून देतो. बाईंनी घाबरून फोन ठेवून दिला. पैसा गेला नाही, काही बिघडले नाही. तरीही पुढच्या रविवारी त्या अस्वस्थच होत्या. "सरकारी माणूस बोलत असताना मी मध्येच फोन ठेवला," त्या म्हणाल्या. "पौलाने तर अधिकाऱ्यांच्या अधीन असायला सांगितले आहे. तो खरा असता तर?"

पुष्कळांना या शंकेवर हसू येईल. मला आले नाही. ज्यांचे आयुष्य शाळेच्या हजेरीपटात आणि मंडळीच्या हिशोबवहीत चोख राहिले, ज्यांनी सरकारी पत्राला कधी उशिरा उत्तर दिले नाही, त्यांच्याच मनात हा "खरा असता तर?" उठतो, आणि या फसवणुकीचे सगळे भांडवल याच तीन शब्दांत आहे.

तिला आता "डिजिटल अटक" असे नाव पडले आहे. तिची चाल बहुधा ठरलेली असते. प्रथम कुरिअर कंपनीचा, दूरसंचार खात्याचा किंवा बँकेचा म्हणून फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे. मग फोन "पोलिसांकडे" किंवा "सीबीआय"कडे दिला जातो. व्हिडिओवर गणवेशातला मनुष्य दिसतो, त्याच्यामागे बोधचिन्ह आणि झेंडा. शिक्का-सहीचे कागद येतात. आणि मग आज्ञा सुरू होतात: कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरातल्यांनाही काही सांगू नका, तुमचे पैसे तपासणीसाठी अमुक खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

दुसऱ्याचे नाव धारण करून फिरणाऱ्यासाठी आपल्या मराठीत "तोतया" हा नेमका शब्द आहे. पानिपताच्या रणात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे मीच भाऊसाहेब म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे लोकही जमले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. त्या तोतयाला लोकांच्या आशेने बळ दिले होते. भाऊ जिवंत असावेत असे त्यांना वाटत होते. आजच्या तोतयाचे बळ आपल्या भीतीत आहे.

भोळेभाबडेच यात सापडतात, असे मात्र समजू नये. वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल यांना ऑगस्ट २०२४ मध्ये ७ कोटी रुपयांना फसवण्यात आले. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा उभी करण्यात आली होती, सरन्यायाधीशांच्या तोतयासह. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका भगिनीकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात २० कोटींहून अधिक रक्कम उकळली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कारण त्यांना दाखवलेले खोटे आदेश त्याच न्यायालयाच्या नावाचे होते. देशभरात लुटल्या गेलेल्या रकमेचा आकडा न्यायालयासमोर सुमारे ३,००० कोटी असा आला, आणि १ डिसेंबर २०२५ रोजी तपास सीबीआयकडे सोपवण्यात आला.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणात असे एक संभाषण सर्व देशाला ऐकवले होते. ते कर्नाटकातल्याच, आपल्या सोलापूरला लागून असलेल्या विजयपुरा येथील एका नागरिकाचे होते. मी ते ऐकले तेव्हा भाषांतर करणाऱ्याच्या सवयीने माझे लक्ष शब्दांकडे गेले. मनुष्य आपल्या घरी बसलेला, कर्नाटकात. समोरचा आवाज मात्र हिंदीत, आणि हा प्रत्येक उत्तरात "सर, सर" म्हणतो आहे. मातृभाषेत माणूस प्रश्न विचारतो. दरबारी भाषेत तो फक्त उत्तरे देतो. कडकोळच्या बाईंना मुंबई पोलिसांचे नाव का सांगितले गेले, हेही यावरून कळते. जवळच्या ठाण्याचे नाव सांगितले असते तर मुलगा मोटारसायकलवरून जाऊन विचारून आला असता.

आता पौलाकडे वळू. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात "अधिकार" या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, तो "एक्झुसिया". सामर्थ्यासाठी ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे, "दुनामिस". ज्याच्या हातात काठी आहे त्याच्याकडे दुनामिस असते. एक्झुसिया म्हणजे करण्याची मोकळीक, मुभा, जी कोणीतरी दिलेली असते. म्हणूनच आपला प्रभू पिलाताला सांगू शकला की, वरून दिला नसता तर तुला माझ्यावर काहीच अधिकार नसता. दिलेल्या वस्तूबद्दल एक प्रश्न नेहमी विचारता येतो: कोणी दिली? हा प्रश्न विचारणे अधिकाराचा अपमान नाही, कारण तो अधिकाराच्या अर्थातच बसलेला आहे.

"अधीन असणे" यासाठी पौलाने वापरलेले क्रियापदही पाहण्यासारखे आहे. त्यात "ताक्सिस" म्हणजे क्रम, रांग, व्यवस्था या शब्दाचे मूळ आहे. व्यवस्थेत आपल्या जागी उभे राहणे, असा त्याचा भाव. आपण एखाद्या आवाजाच्या अधीन होत नाही, व्यवस्थेच्या अधीन होतो. आणि त्या व्यवस्थेत आज्ञा देणाराही आपल्या जागी बांधलेला असतो. पौलाच्या काळी ती व्यवस्था कैसराची होती. आपल्या देशात ती २६ जानेवारी १९५० पासून संविधानाची आहे, आणि फौजदारापासून सरन्यायाधीशापर्यंत सर्व तिच्या अधीन आहेत.

हे केवळ शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून पौलाचे आचरण पाहा. फिलिप्पै येथे त्याला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून बंदिशाळेत टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांचे चोपदार निरोप घेऊन आले, यांना सोडून द्या. सुटकेचा निरोप होता, तरीही पौल निघाला नाही. आम्हाला लोकांसमक्ष मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता काय? त्यांनी स्वतः यावे, असे त्याने कळवले, आणि ते आले (प्रे. कृ. १६). यरुशलेमेत शताधिपतीला त्याने विचारले, रोमी मनुष्याला दोषी ठरवल्यावाचून फटके मारणे कायदेशीर आहे काय (प्रे. कृ. २२)? फेस्ताने त्याला यरुशलेमेस नेण्याची गोष्ट काढताच त्याने कैसराकडे दाद मागितली (प्रे. कृ. २५). अधिकाऱ्यांच्या अधीन असा, हे लिहिणारा हात याच माणसाचा आहे. तो उद्धट नव्हता. चोपदाराला त्याने शिवी दिली नाही, बंदिशाळेच्या नायकाचा तर प्राण वाचवला. त्याने इतकेच म्हटले की जे करायचे ते उजेडात, माणसांदेखत आणि नियमाने करा.

आपल्या देशाचा नियम काय सांगतो? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत "डिजिटल अटक" असा प्रकारच नाही. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा लिहिला गेला पाहिजे आणि त्यावर घरातील व्यक्तीची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही पाहिजे. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्येच घालून दिला होता. अटकेची बातमी नातलगाला किंवा मित्राला कळवण्याचा अटक झालेल्याला हक्क आहे. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. साक्षीसाठी स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना पोलिसांना ठाण्यावर बोलावता येत नाही. त्यांच्या राहत्या घरी यावे लागते. हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवणे ग्राह्य नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. आणि कोणत्याही चौकशीत निर्दोषपणा सिद्ध करण्यासाठी आपली ठेव कोणा अनोळखी खात्यात भरावी लागत नाही.

हे नियम वाचताना मला आपल्या शास्त्रातील एक शब्द आठवत राहिला: "कैवारी". योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात स्वतः ख्रिस्तासाठी, जो ग्रीक शब्द येतो तो "पाराक्लेतॉस". शब्दशः अर्थ, जवळ बोलावलेला. आरोप झालेल्याच्या बाजूला येऊन उभा राहणारा. याला मराठी शब्द शोधणाऱ्या पूर्वसूरींनी "कैवारी" निवडला, तेव्हा त्यांनी आपल्यावर मोठे उपकार केले. कैवार घेणारा हा तटस्थ वकील नसतो, तो आपला असतो. उलट प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला दिलेले नाव आहे दोष देणारा; तो बंधुजनांवर रात्रंदिवस आरोप करतो.

आता ती तोतयाची आज्ञा आठवा: कोणालाही सांगू नका. मुलाला नाही, शेजाऱ्याला नाही, पाळकांना नाही. आरोप आहे, आरोप करणारा आहे, न्यायाधीशही आहे. कैवारी मात्र बोलवायचा नाही. आपले कायदेमंडळ ख्रिस्ती नाही, तरी त्याने अटकेच्या क्षणी साक्षीदार, नातलग आणि वकील यांना जागा ठेवली आहे. जो अधिकारी ती जागा बंद करतो, तो त्याच क्षणी आपण कोण नाही हे सांगतो. बाकीच्या खुणा, म्हणजे गणवेश, शिक्का, भाषा, क्रमांक, उद्या अधिक हुबेहूब होतील. गिबोनी लोकांनीही यहोशवाला बुरसलेल्या भाकरी आणि फाटलेले बुधले पुराव्यादाखल दाखवले होते. कैवाऱ्याची मनाई ही खूण मात्र तोतयाला पुसता येत नाही, कारण एक जरी माणूस जवळ आला तरी त्याचा खेळ संपतो. दक्षिण मुंबईच्या त्या भगिनीच्या बाबतीत तसेच झाले. जेवणापुरतेच खोलीबाहेर येणे, आतून कोणावर तरी ओरडण्याचे आवाज, हे घरात काम करणाऱ्या बाईच्या लक्षात आले आणि तिने मुलीला कळवले.

नहेम्याच्या सहाव्या अध्यायात हीच गोष्ट आहे. सनबल्लट त्याला चारदा भेटीला बोलावतो. पाचव्यांदा उघडे पत्र येते: तू राजाविरुद्ध बंड करणार अशी बातमी आहे, ती राजाच्या कानी जाईल, तेव्हा ये, आपण बोलू. आरोप, वरिष्ठांचे भय, आणि वर मदतीचा हात! नहेम्या उत्तर देतो की यातले काही घडलेले नाही, हे तुझ्याच मनातून निघाले आहे. तेव्हा शमाया पुढे होतो आणि सांगतो की रात्री तुला मारायला येणार आहेत, मंदिरात जाऊन दारे लावून बसू. नहेम्याने ओळखले की याला देवाने पाठवलेले नाही. कशावरून ओळखले? अध्याय सांगतो की त्याला भिववून, पाप करायला लावून, मग त्याची निंदा करायची असा तो बेत होता. नहेम्या दारे लावून बसला नाही. तो कोटाच्या कामावर राहिला, जेथे त्याची माणसे होती.

येथे एक हळवा मुद्दा आहे. ज्याचे विवेकबुद्धीचे कान तिखट आहेत, तो आरोप ऐकताच स्वतःच्या आत शोधू लागतो. मी कधी कोठे सही केली असेल? आधारची प्रत कोणाला दिली होती? मग त्याला वाटते, मी काही केलेले नाही, तर मी भ्यावे कशाला. सहकार्य केले की सुटेन. फोन ठेवला तर मात्र अपराधी दिसेन. सज्जनपणाची ही साखळी त्याला तासन् तास कॅमेऱ्यासमोर बांधून ठेवते. अशा बंधुभगिनींना मी सांगू इच्छितो की प्रत्येक प्रश्नकर्त्याला उत्तराचा हक्क नसतो. हेरोदाने प्रभूला पुष्कळ प्रश्न विचारले. लूक सांगतो, प्रभूने त्याला काहीच उत्तर दिले नाही. फोन ठेवायला खोटे बोलावे लागते काय, असेही कोणी विचारले आहे. लागत नाही. "मी माझ्या गावच्या ठाण्यात जाऊन विचारतो" एवढे वाक्य खरे आहे आणि पुरेसे आहे. मग खरोखरच जावे, किंवा खात्याचा क्रमांक स्वतः शोधून फोन करावा. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर करू नये. अधिकारी खरा असेल तर या वेळात त्याचे काही नुकसान होत नाही.

पलीकडे बोलणारा कोण, हाही विचार मनात येतो. म्यानमारच्या सीमेवरील मियावाडी भागात नोकरीच्या आमिषाने नेलेली आणि फसवणुकीच्या कामाला जुंपलेली आपल्याच देशातली मुले होती. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना परत आणले. सर्वच असे नसतात. जुलै २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या कल्याणी येथील न्यायालयाने ज्या नऊ जणांना जन्मठेप दिली, त्यांच्याविषयी मला हळहळ वाटत नाही. परंतु फोन ठेवल्यावर त्या आवाजासाठी प्रार्थना करणे अशक्य नाही. फोन चालू असताना ती करू नये.

शेवटी पाळकांना आणि वडीलमंडळाला थोडे सांगायचे आहे. फसलेल्या माणसाला पैशापेक्षा लाज अधिक खाते. पुण्यात २०२५ साली एका वयोवृद्ध निवृत्त अधिकाऱ्याचे १ कोटी १९ लाख रुपये असे गेले आणि काही आठवड्यांत त्यांचा मृत्यू झाला. आपल्या मंडळ्यांत मुले परदेशी किंवा परगावी असलेले किती वृद्ध एकटे राहतात, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणी फसला तर "एवढे शिकलेले असून?" हा प्रश्न मंडळीत कोणी विचारू नये. फसवला जाणे हे पाप नव्हे, आणि कबुलीची जागा फसवणाऱ्याची आहे. अशा माणसाला घेऊन त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन लावावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, बँकेला कळवावे आणि ठाण्यात त्याच्या शेजारी बसावे. पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो. ओसवालांच्या सात कोटींपैकी सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले.

कडकोळच्या बाईंनी मी दिलेला १९३० हा आकडा आपल्या स्तोत्रसंग्रहाच्या आतल्या पानावर लिहून घेतला. त्याखाली मुलाचा क्रमांक लिहिला आणि मग मला विचारले, तुमचाही लिहू का? रात्रीबेरात्री चालेल ना?